बेतानं आवळ

घट्ट म्हणजे किती घट्ट, हे शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला शाळेत जायच्या आधीच शिकावं लागतं. वासराच्या गळ्यातलं दावं बांधताना दोन बोटं आत गेली पाहिजेत. त्याहून आवळलं तर वासरू गुदमरतं, त्याहून ढिलं ठेवलं तर रात्री मान काढून घेतं आणि सकाळी सगळं दूध पिऊन मोकळं होतं. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारताना एक घाव जादा बसला की दांडा फाटतो. एक कमी पडला तर कुऱ्हाड निसटून कुणाच्या नडगीवर बसेल याचा भरवसा नाही. घरातली म्हातारी माणसं या सगळ्याला एकच शब्द वापरत. ‘बेतानं.’ बेतानं बांध, बेतानं मार, बेतानं आवळ.

पण दावं, पाचर, आळा या बोलक्या वस्तू आहेत. वासरू मान झटकतं, दांडा करकरतो, कडब्याच्या पेंढीचा आळा हाताला टोचून सांगतो की आता पुरे. लोखंडाचा नट असं काही सांगत नाही. तो जादा आवळलेला असो की कमी, वरून सारखाच दिसतो. मग मुक्या वस्तूशी बेतानं कसं वागायचं? आणि आपण आवळलेल्या नटाच्या भरवशावर जो गाडीत बसतो, ज्याला खाली वाकून बघायचं सुचतही नाही, त्याचं आपण काय देणं लागतो? हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकात भेटला नाही. आमच्या दारातल्या चिंचेखाली, एका जुन्या जीपगाडीच्या पोटाखाली भेटला.

दहिवडीहून फलटणला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमची वस्ती. माण तालुक्यातली कोरडी जमीन, घरटी एक-दोन माणसं मुंबईला आणि उरलेली पावसाकडे डोळे लावून. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, तिसऱ्या हातची एक डिझेल गाडी घेतली. दादानं, त्यांच्या थोरल्यानं, ती वडापाला लावली. सकाळी दहिवडी, बाजाराच्या दिवशी फलटण. नऊ माणसांच्या गाडीत चौदा बसायची, हे निराळं सांगायला नको. गाडीला पावर स्टेअरिंग होतं, त्याचं वस्तीला फार अप्रूप. बायाबापड्याही म्हणायच्या, ‘एका बोटानं वळतीय की!’

हे एका बोटानं वळणं कसं होतं ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो तेलाला दाब देतो, ते तेल एका जाड नळीतनं स्टेअरिंगच्या पेटीत जातं आणि आपल्या मनगटाचं काम स्वतः करतं. चाकात आपण तीस-पस्तीस पौंड हवा भरतो. स्टेअरिंग टोकापर्यंत वळवून धरलं तर या नळीतला दाब हजार पौंडांवर जाऊ शकतो. विक्रीच्या मोटारीत ही सोय पहिल्यांदा 1951 साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं दिली. आमच्या वस्तीवर ती यायला पन्नास वर्षं लागली. पण ती येताना एक गोष्ट घेऊनही गेली. साध्या स्टेअरिंगला कुठं सांधा ढिला झाला की त्याचा हादरा थेट तळहातात यायचा. तेल मधे आल्यावर ती खबर बरीच कमी झाली. हाताचे कष्ट कमी झाले, तशी हाताची जाणही कमी झाली. म्हणून अशा गाडीत डोळ्यांनी आणि मापानं तपासायची जबाबदारी वाढते.

तर एका उन्हाळ्यात त्या नळीच्या तोंडाशी तेल पाझरायला लागलं. तालुक्याच्या गावी न्यायची म्हणजे दिवस बुडणार आणि पैसे जाणार. तात्या म्हणाले, ‘घरीच करू. नळी बदलायची, दोन नट आवळायचे. त्यात काय एवढं?’ मी तेव्हा कॉलेजात होतो, सुटीला आलो होतो. पाने देणं आणि बॅटरी धरणं हे माझं काम.

नळी पंपाला जोडणारा बोल्ट पोकळ असतो. तेल त्याच्या पोटातनं जातं, बाजूच्या भोकांतनं नळीत शिरतं. त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वायसर. बोल्ट आवळला की तांबं दबतं, लोखंडाच्या बारीक खाचाखोचांत बसतं आणि तेल अडतं. म्हणून वायसर दर वेळी नवे घालायचे. दबलेलं तांबं कडक होतं, ते परत तसं बसत नाही. तात्यांनी जुनेच वायसर ठेवले. नळी बसवली, गाडी चालू केली, स्टेअरिंग वळवलं तर तेलाचा थेंब परत तिथंच.

तात्या विहिरी खोदलेला माणूस. त्यांच्या पंजात एक साधा पाना म्हणजे खेळणं. त्यांनी गोठ्यामागनं एक पाइपचा तुकडा आणला आणि पान्याच्या दांड्यावर चढवला. दादा म्हणाला, ‘आबा, पुरं की आता.’ तात्या म्हणाले, ‘पुरं कसं? घाटात माणसं बसत्यात. ढिला ऱ्हाऊन चालंल का?’ आणि त्यांनी अंग टाकलं. ‘कट्ट’ असा आवाज झाला. बोल्टचं डोकं पान्यात आणि धड पंपात.

त्या एका वाक्याचा मी नंतर कितीदा विचार केला आहे. तात्यांनी निष्काळजीपणानं बोल्ट तोडला नव्हता. काळजीनंच तोडला होता. घाटात बसणाऱ्या माणसांची आठवण काढून त्यांनी पाइप लावला होता. आपल्याकडं मनापासून केलेल्या कामाला मान आहे आणि तो असावाच. पण मनापासून आणि नेमकं हे दोन वेगळे गुण आहेत. एक असला की दुसरा आपोआप येतो असं नाही.

मग मिस्त्रींना बोलावलं. ते आमच्याच वस्तीवरचे. एस्टीच्या वर्कशॉपात आयुष्य काढून घरी आलेले. त्यांनी आल्या आल्या तात्यांना काही बोललं नाही. कानशीचं निमुळतं शेपूट त्या तुटक्या पोकळ बोल्टात हलकं ठोकलं आणि उलटं फिरवलं. तुकडा अलगद बाहेर आला. मला नवल वाटलं. एवढा आवळलेला बोल्ट इतक्या सहज कसा आला? ते म्हणाले, ‘डोकं तुटलं की ताण गेला, पोरा. ताणावरच धरून हुता त्यो.’

बोल्ट धरतो तो ताणामुळं, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा समजली. आपल्याला वाटतं, नट म्हणजे दाबून बसवलेली गोष्ट. खरं तर आवळताना बोल्ट केसभर लांब होतो, रबरासारखा परत आखडायला बघतो आणि त्या ओढीनं दोन भाग एकत्र राहतात. कमी ताणला तर ओढ नाही. हादऱ्यानं नट फिरत फिरत सुटतो. बेताबाहेर ताणला तर तो कायमचा लांबतो, आखडायची ताकद जाते आणि घट्ट दिसता दिसता सैल होतो, नाहीतर तुटतो. शिवाय आपण जो जोर लावतो, त्याच्या दहा भागांतले जवळजवळ नऊ भाग घर्षणातच जातात. ओढीला उरतो एखादा भाग. म्हणून आट्यांना तेल लागलेलं आहे की ते कोरडे आहेत, गंजके की स्वच्छ, यानं तोच जोर निराळा परिणाम करतो. हाताला लागलेला जोर कळतो, बोल्टात गेलेला ताण कळत नाही.

मिस्त्रींनी हिशेब मांडला तो असा. समजा गाडीच्या पुस्तकात 40 न्यूटन-मीटर लिहिलंय. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण 16 किलोची ओढ दिली की ते माप भरतं. त्याच पान्याला पाइप लावून तो मीटरभर केला आणि तेवढीच ओढ दिली तर माप चौपट होतं. ‘तुमी चौपट माणूस न्हाई झालासा तात्या,’ ते म्हणाले, ‘पाना चौपट झाला.’ तात्या हसले. पण त्या हसण्यात थोडं अवघडलेपण होतं.

मिस्त्रींकडं एक काट्याचा टॉर्क पाना होता, निवृत्त होताना पदरच्या पैशानं घेतलेला. दांडा वाकतो तसा काटा आकड्यावर सरकतो. त्यांची एक रीत होती. आधी डोळे मिटून साध्या पान्यानं थोडं हातचं राखून आवळायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘तीस.’ मग काट्याचा पाना लावून तो नट कुठल्या आकड्याला हलतो ते बघायचं आणि तिथनं पुस्तकातल्या आकड्यापर्यंत न्यायचं. इतक्या वर्षांच्या हाताला ही परीक्षा कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘हाताला इचारल्याबिगर त्याचं खरं-खोटं कळत न्हाई. आन ज्याला कुनी इचारत न्हाई, त्यो हात माजतो.’

गौतम बुद्धांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेचा दाखला दिल्याची कथा आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. तार फार ताणली तरी वीणा वाजत नाही, फार ढिली सोडली तरी वाजत नाही. सोण पूर्वी वीणा वाजवणारा होता, म्हणून त्याला ते लगेच पटलं. मला मात्र वाटतं, तारेचं एक बरं असतं: ती बोलते. चुकली की कानाला लगेच कळतं. नट घाटाच्या वळणावर बोलतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. जिथं वस्तू बोलत नाही तिथं मध्यममार्ग नुसत्या अनुभवानं सापडत नाही. तिथं बाहेरचं माप लागतं, आणि ते मान्य करायची नम्रताही.

प्रत्येक ठिकाणचा मध्य सारखा नसतो, हेही त्याच दिवशी कळलं. पोकळ बोल्टाचं अंग नाजूक. तिथं आकडा ओलांडायचा नाही. थेंब येत असेल तर जोर वाढवायचा नाही, वायसर बदलायचा. पण स्टेअरिंगच्या दांड्याचा जो सांधा असतो, त्याचा नट निराळा. त्याच्या माथ्यावर किल्ल्याच्या तटासारख्या सहा खाचा असतात. आकड्यापर्यंत आवळायचा आणि मग खाचेतनं, बोल्टाच्या भोकातनं आरपार स्प्लिट पिन घालायची. भोक आणि खाच जुळली नाही तर? सगळ्यांचा पहिला विचार असतो, किंचित ढिला करून जुळवू. ते करायचं नाही. पुढं आवळून पुढची खाच गाठायची. एका फेऱ्याच्या सहाव्या भागाहून जास्त कधी लागत नाही. त्या सांध्याचं पोलाद तेवढं सोसतं, सैलपणा मात्र सोसत नाही. बैलगाडीच्या आसाला खीळ असते, तशीच ही पिन. ती ओझं उचलत नाही. नुसती राखण करते.

आणि दोन्ही नटांच्या अपयशातही फरक आहे. तेलाची नळी सुटली तर स्टेअरिंग एकाएकी जड होतं, पण दांडे जागेवर असतात. दोन्ही हातांनी रेटून गाडी कडेला घेता येते. तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर पेट घेऊ शकतं, म्हणून तेही साधं नाही. पण दांड्याचा सांधा सुटला तर हातात नुसतं गोल चक्र राहतं. चाकं त्यांच्या मर्जीनं जातात.

नवा बोल्ट आणि वायसर दादानं दहिवडीहून आणले. संध्याकाळी नळी बसली, थेंब थांबला. मिस्त्री उठता उठता म्हणाले, ‘खाली हायच तर दांडं बघून घेऊ.’ बॅटरीच्या उजेडात दिसलं की त्या खाचेच्या नटात पिनच नव्हती. कुणीतरी तारेचा वेढा मारला होता. त्यांनी तार काढली आणि काट्याचा पाना लावला. काटा चढत गेला, चढत गेला आणि एकदम खाली आला. नट हलका पडला. आटे मेले होते. आधीच्या कुठल्या मालकानं, कुठल्या कारागिरानं कधी तो बेताबाहेर आवळला असेल, कळायला मार्ग नव्हता. त्यानंही बहुधा काळजीनंच पाइप लावला असेल.

‘सांधा नवा घालायचा. तवर गाडी हलवायची न्हाई,’ मिस्त्री म्हणाले.

रात्री नऊच्या सुमाराला शेजारच्या घरातनं हाक आली. तिथल्या म्हाताऱ्या आबांचं तोंड वाकडं झालं होतं, डावं अंग लुळं पडलं होतं. फलटणला न्यायचं म्हणजे मोगराळ्याचा घाट उतरायचा. वस्तीवर दुसरी चारचाकी नव्हती. दादा किल्ली घेऊन धावला. मिस्त्री गाडीपुढं उभे राहिले.

‘मिस्त्री, कालपतोर ह्याच नटावर घाट उतरलीय गाडी! तार बांधू, हळू नेतो.’

‘काल म्हाईत नव्हतं. आज म्हाईत हाय.’

‘आन आबांना काय झालं तर?’

‘आबांचा जीव टांगणीला हाय, हे आबांच्या पोरांना दिसतंय. गाडीत संगं सहा जणं बसनार. म्होरनं येनारा फटफटीवाला. त्येंना कुनी इचारलंय?’

कोण काय बोललं ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. आबांच्या लेकानं मिस्त्रींना हात जोडले, मग शिव्या दिल्या. तात्या खाटेवर खाली मान घालून बसले होते. शेवटी त्यांनी दादाच्या हातातनं किल्ली घेतली आणि मुंडाशात खोचली. दोघं जण मोटारसायकलवर पलीकडच्या गावी गेले, तिथली एक जीप घेऊन आले. यात दीड-दोन तास गेले. आबा वाचले. पण त्यांचा डावा हात पुन्हा कामाचा राहिला नाही. त्यांच्या घरचे पुढं कितीतरी वर्षं म्हणत, ‘त्या रात्री गाडी दिली असती तर.’ मिस्त्री ते ऐकून घेत.

या ठिकाणी गोष्ट सांगणाऱ्याला सोपं व्हावं म्हणून घाटात नट तुटायला हवा होता. तो तुटला नाही, कारण गाडी गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी सांधा बदलला. तारेवर ती रात्र निघाली असती की नाही, हे कुणाला कधीच कळणार नाही. टाळलेल्या अपघाताचा पुरावा नसतो. गमावलेल्या दीड तासाचा मात्र होता, तो रोज अंगणात बसून उजव्या हातानं तंबाखू मळायचा प्रयत्न करायचा.

काही वर्षांनी मी मिस्त्रींना विचारलं, ‘तुम्ही त्या रात्री बरोबर होता असं वाटतं का?’ ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘बरोबर हुतो का, ते मला म्हाईत न्हाई. आटं मेलं हुतं, एवढं म्हाईत हाय.’

मी त्यांच्या बाजूचा आहे. स्वतःच्या जिवाची जोखीम माणसानं जरूर घ्यावी, पण ज्याला विचारलेलं नाही त्याच्या जिवाची घेऊ नये. रस्त्यावरची गाडी कुणाची कागदावर असली तरी तिचं स्टेअरिंग एकट्या मालकाचं नसतं. तरीही आबांच्या लेकाला मी कधी चूक म्हणू शकलो नाही. बाप लुळा पडलेला बघताना मेलेल्या आट्यांचा हिशेब कुणाला सुचेल? त्या रात्री जे दोन पर्याय समोर होते, ते दोन्ही वाईट होते.

म्हणून माझ्या मते खरा नैतिक प्रश्न त्या रात्रीचा नव्हताच. तो त्या दिवसाचा होता, ज्या दिवशी कुणीतरी, कुठंतरी, भरउजेडात, घाई नसताना, त्या नटावर पाइप चढवला आणि पिनेऐवजी तार गुंडाळली. तेव्हा योग्य वागणं किती स्वस्त होतं! एक आकडा बघायचा, काही रुपयांची पिन घालायची. ते हुकलं आणि त्याची किंमत भलत्याच माणसांनी, भलत्याच वेळी दिली. आपण धर्मसंकटांबद्दल फार बोलतो. पण बरीचशी धर्मसंकटं अशाच साध्या दुपारी तयार झालेली असतात, जेव्हा ‘चालतंय की’ म्हणून कुणीतरी हात पुसलेले असतात.

आता वस्तीवरची पोरं मोबाइलवर बघून घरीच गाड्या खोलतात. मला ते आवडतं. आपलं यंत्र आपल्याला कळावं, यात स्वाभिमान आहे. मी त्यांना दोनच गोष्टी सांगतो. पुस्तकातला आकडा आपल्याच गाडीचा आहे ना, ते बघा. आणि आवळून झालं की मिस्त्री करायचे ते करा.

मिस्त्री नट मापात आवळला की पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढत, नटावरून बोल्टावर आणि तिथनं खालच्या लोखंडावर. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. मुक्या नटाला त्यांनी दिलेलं ते तोंड होतं. पुढं कधी गाडीखाली शिरणाऱ्या माणसाला, मग तो ओळखीचा असो वा नसो, एका नजरेत कळावं की इथं कुणीतरी मोजून हात लावला होता, आणि तेव्हापासून काय बदललं. ती गाडी पुढं तात्यांनी विकली. घेणाऱ्यानं भाव पाडायला खाली वाकून बघितलं, त्या पांढऱ्या रेघा बघितल्या आणि विचारलं, ‘हे काय?’ तात्या म्हणाले, ‘बेतानं आवळलंय. तुमीबी तसंच आवळा.’